तिसरं नाव

आमच्या बोरीमळात माणूस शेवटच्या घटकेला आला की पहिला निरोप किटेरीमायकडे जायचा आणि दुसरा पाद्रीकडे. यात पाद्रीचा अपमान नव्हता. इगर्जी, म्हणजे चर्च, तळ्यापलीकडे, तिथून पाद्री येईपर्यंत वेळ जायचाच. किटेरीमाय हाकेच्या अंतरावर असायची. चुलीवरचं भांडं खाली उतरवून, डोक्याला काळा रुमाल बांधून ती निघाली की रस्त्यातली माणसं बाजूला होऊन विचारत, "कोण गो माय?" ती नाव सांगायची आणि चालत राहायची.

तिचं काम दिसायला सोपं होतं. खाटेशेजारी बसायचं, जाणाऱ्याच्या कानाशी तोंड न्यायचं आणि म्हणत राहायचं, "जेजू, मरी, जुझे." येशू, त्याची आई आणि तिचा नवरा, सुतार जोसेफ. श्वास थांबेपर्यंत ही तीन नावं कानात पडत राहिली पाहिजेत, असं इथले ख्रिस्ती मानतात. तिसऱ्या नावाला तर फारच मान. जुझे स्वतः मेला तेव्हा बायको आणि मुलगा त्याच्या उशाशी होते. त्याच्याइतकं चांगलं मरण कोणाला आलं नाही, म्हणून पलीकडचं दार उघडायचं काम त्याच्याकडे. पहिली दोन नावं वाट दाखवतात, तिसरं आत घेतं, असं आमच्या वाड्यावरच्या बायका सांगायच्या.

नावं तशी कोणीही म्हणू शकतं. पण किटेरीमाय बसली की घरातलं दुसरं कोणी तोंड उघडत नसे. तो तिचा मान होता.

आमचं घर तिच्या घराला लागून. मध्ये छातीएवढी दगडी भिंत. आम्ही हिंदू, पण भिंतीवरून नाताळात दोदोलाच्या वड्या इकडे यायच्या आणि चवथीला नेवऱ्या तिकडे जायच्या. माझी आई आणि ती एका वयाच्या. आई तिला किटेरी म्हणायची, ती आईला मथुराबाय. मी त्या वेळीही मडगावच्या एका सहकारी बँकेत हिशेबाच्या टेबलावर होतो. संध्याकाळी घरी आलो की या दोघींचं बोलणं भिंतीपाशी चालू असायचं. पुढं जे लिहितो आहे त्यातलं बरंचसं मी तिथंच ऐकलं. काही डोळ्यांनी पाहिलं.

तिचा नवरा बोनिफास तारवटी होता, म्हणजे बोटीवर कामाला. लग्नानंतर थोड्याच वर्षांत तो समुद्रात असतानाच तापानं गेला. त्याची पेटी घेऊन एक सोबती आला. किटेरीमायनं पेटी उघडलीसुद्धा नाही. तिनं एकच विचारलं, "त्याच्या कानात कोणी नावं सांगितली का?"

तो माणूस खरं बोलणारा निघाला. "माय, आम्ही इंजिनाच्या खोलीशेजारी झोपायचो. तिथं कोणाला काय ऐकू येणार?"

तेव्हापासून ती बसू लागली. आधी सासूपाशी, मग चुलतसासऱ्यापाशी, मग वाड्यावर ज्याच्या त्याच्यापाशी. मूलबाळ नव्हतं. शिवणकाम करून पोट भरायची आणि बोलावणं आलं की जायची. एक अट मात्र ती घालायची: खाटेची पलीकडची बाजू मोकळी ठेवायची. तिथं कोणी बसायचं नाही, उभं राहायचं नाही, पाण्याचा तांब्यासुद्धा ठेवायचा नाही.

आईनं एकदा कारण विचारलं. उन्हाळा होता, दोघी भिंतीच्या दोन बाजूंना बसून भिरंडं, म्हणजे कोकमाची फळं, फोडत होत्या. किटेरीमायचे हात लाल झाले होते.

"तिथं कोणीतरी येऊन उभं राहतं, मथुराबाय."

"कोण?"

"ते मी कशाला बघू? मी माझं काम करते. पण येतं. मी नावं घ्यायला लागले की थोड्या वेळानं कळतं, आता आलं. खोलीत आणखी एक माणूस आला की पाठीला कळतं ना, तसं."

"भीती नाही वाटत?"

"भीती कसली? मी बोलावते म्हणून तर येतं."

हे तिनं अगदी सहज सांगितलं. वाड्यावरच्या बायकांनाही ते ठाऊक होतं.

ते येणं कधी थांबलं, हे तिला नेमकं सांगता आलं नाही. एका म्हाताऱ्या शिक्षकापाशी बसली होती, तेव्हा वाटलं, आज उशीर होतोय. पुढच्या घरी वाटलं, आपल्याला बरं नाही. त्यानंतर एक बाळंतीण गेली. कोवळी पोर. त्या खाटेपाशी किटेरीमाय पहाटेपासून दुपारपर्यंत नावं घेत होती आणि पलीकडची बाजू नुसती मोकळी होती. भिंत, भिंतीवर कॅलेंडर. दुसरं काही नाही. मग इगर्जीतही तसंच होऊ लागलं. मिसेला, म्हणजे उपासनेला, गुडघे टेकले की पूर्वी छातीत काहीतरी उबदार यायचं, ते येईना. घरात संध्याकाळी तेर्स, म्हणजे माळेची प्रार्थना, म्हणताना शब्द तोंडातून पडायचे आणि जमिनीवर पडल्यासारखे तिथंच राहायचे.

हे तिनं आईला सांगितलं तेव्हा आई म्हणाली, "रक्त कमी झालं असेल तुझं. बीट खा."

"खाल्लं."

"मग?"

"मग काय. जीभ लाल झाली."

दोघी हसल्या. एक गोष्ट मात्र तिनं बदलली नाही. बोलावणं आलं की ती जायची आणि पलीकडची बाजू मोकळी ठेवायला सांगायची. कोणाला काही कळलं नाही. कळण्यासारखं बाहेरून काही नव्हतंच. अशी कित्येक वर्षं गेली.

मिंगेल मेस्त गेला, त्या दिवशी ते बाहेर आलं.

मिंगेल सुतार. आमच्या वाड्यावर असं घर नाही की ज्याच्या दाराला त्याचा हात लागलेला नाही. कमी बोलणारा, बिडी कानावर ठेवून काम करणारा. त्याचं घर आमच्यापासून चौथं. समोर बल्कांव, म्हणजे पायऱ्यांवरचा उघडा सज्जा, त्यात समोरासमोर दगडाचे दोन सोपे, बसायचे बाक. काम संपलं की तो उजव्या सोप्यावर बसायचा आणि त्याची बायको लुदविना डाव्या सोप्यावर बसून त्याला बोलायची. त्यांचा संसार असा चालला होता.

त्याच्या छातीत पाणी झालं होतं. शेवटच्या दिवशी शेजारी म्हणून आई आणि मी गेलो. खोलीत दहाबारा माणसं, सगळी एका बाजूला. पलीकडची बाजू मोकळी. किटेरीमाय त्याच्या कानाशी वाकलेली. "जेजू, मरी, जुझे. जेजू, मरी, जुझे." आवाज हलका, एका लयीत. मिंगेलचे डोळे उघडे होते आणि तो तिच्या तोंडाकडे बघत होता.

मग ती म्हणाली, "जेजू, मरी..."

आणि थांबली.

आम्हाला वाटलं, श्वास घेते आहे. लुदविनाला वाटलं, पाणी हवं असेल. तिनं तांब्या पुढं केला. किटेरीमायनं तो पाहिलाच नाही. ती पलीकडच्या भिंतीकडे बघत होती. ओठ उघडे होते. मिंगेल तसाच तिच्या तोंडाकडे बघत राहिला. खोलीत कोणीही ते नाव म्हणू शकलं असतं. साधं दोन अक्षरांचं नाव. त्या खोलीतल्या दोघा पुरुषांचं तर स्वतःचं नाव तेच होतं. पण किटेरीमाय बसली असताना तोंड उघडायची रीत नव्हती, म्हणून सगळे तिच्याकडे बघत थांबले. आम्ही थांबलो आणि तो गेला.

पाद्री आला, विधी झाले, दुसऱ्या दिवशी माती झाली. त्यात काही कमी राहिलं नाही. पण दफनभूमीवरून परतताना बायका आपसात हळू बोलत होत्या, आणि लुदविनानं किटेरीमायच्या तोंडावर म्हटलं, "जन्मभर रंधा मारला त्यानं. आणि शेवटी त्याच्याच धंद्यातल्या संताचं नाव तुझ्या तोंडातून निघालं नाही. दाराच्या कारागिराला दारातच उभा करून आलीस तू."

किटेरीमाय रुमाल सावरून पुढं चालू लागली.

महिन्याची मीस झाली आणि त्यानंतर मिंगेल दिसू लागला. पहिल्यांदा पोदेराला. तो संध्याकाळी सायकलवर पावांची टोपली घेऊन यायचा. बल्कांवासमोर थांबून त्यानं नेहमीसारखा भोंपू वाजवला आणि विचारलं, "मेस्त, उंडे किती?" मग त्याला आठवलं. त्यानं सायकल तिथंच टाकली. टोपलीतले पाव रस्त्यावर लोळले. नंतर एका मुलीला दिसला, संध्याकाळच्या घंटेच्या वेळी, उजव्या सोप्यावर, हात गुडघ्यांवर. बसायची रीत तीच, पण मान वर केलेली. कोणीतरी आपलं नाव पुकारेल म्हणून दवाखान्याच्या बाकावर माणसं बसतात तशी. मग कुत्री त्या पायऱ्यांपाशी येऊन थबकू लागली.

मी काही पाहिलं नाही. एकदा तिन्हीसांजेला तिथून जाताना ताज्या लाकडाच्या भुशाचा वास आला. शेजारी कुठं काम चालू आहे का, हे मी कोणाला विचारलं नाही. सरळ घरी आलो.

किटेरीमायनं मिंगेलनंतर बोलावणी घेणं बंद केलं. कोणी आलं की फाटकातूनच सांगायची, "दुसऱ्या कोणाला घेऊन जा. माझ्यानं आता पुरं होत नाही." माणसं परत जायची. वाड्यावर त्या वर्षी जी माणसं गेली त्यांच्या कानात घरच्यांनीच अडखळत नावं म्हटली. आणि ती मात्र रोज संध्याकाळी घंटा झाली की डोक्याला रुमाल बांधून मिंगेलच्या बल्कांवावर जायची आणि रिकाम्या सोप्यासमोर डाव्या सोप्यावर बसायची.

पहिल्या दिवशी लुदविनानं खिडकी उघडून विचारलं, "आता काय बघायला आलीस?"

"त्याला बघायला."

"मेला तेव्हा भिंत बघत होतीस!"

"म्हणूनच आले."

लुदविनानं खिडकी आपटून बंद केली. किटेरीमाय बसून राहिली. समोरच्या दगडाकडे बघत तिनं तीन नावं म्हटली, तिसरं जरा स्पष्ट. मग वाट पाहिली. अंधार पडला तशी उठून घरी आली. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली. पावसाळ्यात छत्री घेऊन जायची, कारण बल्कांवात पाणी उडायचं.

एक दिवस ती भिंतीपाशी आईला म्हणाली, "सगळ्यांना दिसतो. पोदेराला दिसला, त्या पोरीला दिसला. कुत्र्याला दिसतो, मथुराबाय! मलाच दिसत नाही."

"बरं आहे की. दिसला असता तर घाबरून मेली असतीस."

"घाबरले असते तरी चाललं असतं. कोणीतरी आहे, एवढं तरी वाटलं असतं." मग म्हणाली, "मला देव नाही आणि भूत पण नाही. माझ्याच वाट्याला सगळी घरं रिकामी."

आईनं त्या दिवशी तिला भिंतीवरून हात धरून थोपटलं. आईला एरवी असलं काही जमत नसे.

पाद्री एलियुतेर वयस्कर आणि साधा माणूस. गावात फिरायला निघाला की आमच्या व्हरांड्यात चहा प्यायचा. त्याच्या कानावर सगळं गेलं होतं. एके दिवशी चहा पिताना त्याला किटेरीमाय अंगणात कपडे वाळत घालताना दिसली. कप हातात घेऊन तो भिंतीपाशी गेला.

"किटेरिया, हे असं होतं. मोठमोठ्या संतांना झालंय. देव परीक्षा घेतो."

"संतांचं त्यांच्यापाशी, पाद्री. मी शिवणकाम करणारी बाई." तिनं चादर झटकली. "आणि परीक्षा घेणारा वर्गात तरी असतो ना? की पेपर वाटून घरी जातो?"

पाद्री हसला. मग हसू गेलं. त्यानं कपातला चहा जरा हलवला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "कधी कधी मिसेला वळून उभा राहतो तेव्हा वर्ग मलाही रिकामा दिसतो."

त्याच्या कबुलीनं तिला धीर आला नाही. ती घाबरली. "मग आम्ही कोणाला विचारायचं?"

"माहीत नाही," पाद्री म्हणाला. "मी म्हणत राहतो. तू पण सोडू नकोस."

"मी कुठं सोडलं? तिसरं नावच सुटलं माझ्या हातून. आणि ते नेमकं मिंगेलच्या वाट्याचं होतं."

पाद्रीनं चहा अर्धा टाकला. जाताना आईला म्हणाला, "साखर जास्त झाली आज." साखर रोजच्याएवढीच होती.

बल्कांवावरच्या त्या संध्याकाळी हळूहळू बदलल्या. लुदविनानं खिडकी बंद करणं सोडलं. मग खिडकीतून बोलायला लागली. "आज आलाय का?" "मला काय विचारतेस, मला दिसत नाही." "मलाही नाही दिसत. पण सोप्यावर उशी घातली की म्हणायचा, खुपते. म्हणून घालत नाही." एक दिवस ती कॉफीचे दोन पेले घेऊन बाहेर आली आणि किटेरीमायशेजारी डाव्या सोप्यावर बसली. उजवा सोपा दोघींनी मोकळा ठेवला. लुदविनानं तिला माफ केलं होतं असं नाही. रोज एकदा तरी ती म्हणायची, "तू त्याला सोडलंस." किटेरीमाय म्हणायची, "हो." आणि दोघी कॉफी प्यायच्या.

पुढच्या वर्षी लुदविनाच्या पोटात गाठ निघाली. मडगावच्या इस्पितळात उघडून बघितलं आणि शिवून घरी पाठवलं. मुलगा इनास कुवेतहून आला, सून फिलू होतीच. लुदविनानं अंथरूण धरलं तेव्हा शुद्धीत होती आणि तोंडही शाबूत होतं. तिनं इनासला किटेरीमायकडे पाठवलं.

किटेरीमाय फाटकापाशी आली. "मी येणार नाही, पुता. आईला सांग, बघायला रोज येईन. पण नावं म्हणायला दुसरं कोणी आण."

इनास परत गेला आणि थोड्या वेळानं पुन्हा आला. तेव्हा आई आणि मी दोघंही अंगणात होतो. बिचारा मान खाली घालून, पाठ केल्यासारखं बोलला. "आई म्हणते, पपाला दारात ठेवलंस. आता मला आत पोचव, नाहीतर मी पण येऊन त्याच्या शेजारी त्याच सोप्यावर बसेन. मग रोज दोघांच्या नावानं ये आणि बस पावसात."

आई फस्सकन हसली आणि पदर तोंडाला लावला. किटेरीमाय हसली नाही. फाटकाची कडी तिनं लावली आणि पुन्हा काढली. "पुन्हा तसंच झालं तर?" ती आईला म्हणाली. "तिलाही तिथंच ठेवून आले तर?"

"मग काय करणार आहेस? न जाता ठेवणार?"

ती आत गेली आणि रुमाल बांधून आली. तो काळा नव्हता. काळा सापडला नाही म्हणाली.

दुपार होती. लुदविनाच्या खोलीत खिडकी उघडी होती आणि कोणीतरी जमीन पुसून घेतली होती. माणसं नेहमीप्रमाणे एका बाजूला उभी. किटेरीमाय खाटेशी बसली तशी लुदविना पुटपुटली, "पलीकडची बाजू मोकळी ठेवायला सांग त्यांना."

"नको," किटेरीमाय म्हणाली. "इनास, तू तिकडं बस. आईचा हात धर."

"आणि तो यायचा तो?" लुदविनानं विचारलं.

"कोणी येत नाही गो तिथं."

फिलू पुढं झाली, तिचे डोळे भरले होते. "माय, जाणाऱ्या माणसापाशी असं बोलतात का?"

"बोलू दे तिला," लुदविना म्हणाली. तिचा श्वास तुटत होता, पण नजर तिखट होती. "कधीपासून येत नाही?"

"बरीच वर्षं झाली. मिंगेलच्या आधीपासून."

"आणि तू सगळ्यांपाशी बसत होतीस. बाजू मोकळी करवून घेत होतीस."

"हो."

"लबाड!" लुदविनानं डोळे मिटले आणि उघडले. "मग त्याच्यापाशीच का थांबलीस?"

किटेरीमाय तिच्याकडे वाकली. उत्तर लुदविनाला होतं, आम्हाला नव्हे, पण आवाज दबलेला नव्हता. "तो माझ्या तोंडाकडे बघत होता. इतका विश्वास ठेवून बघत होता. आणि मला वाटलं, मी कोणाला हाका मारतेय? बंद घराच्या दारावर थापा मारतेय, आत माणूस नाही हे मला माहीत आहे, आणि याला सांगतेय की थांब, आता उघडतील. मला लाज वाटली गो. तिसऱ्या नावापाशी लाज वाटली."

बाहेर कोंबड्या ओरडत होत्या. कोणीतरी त्यांना हाकललं.

"मग जरा जोरात हाक मार," लुदविना म्हणाली. "म्हातारा माणूस तो जुझे. कानानं अधू असेल."

मागं उभा असलेला एक जण हसला आणि लगेच खोकल्याचं निमित्त केलं. लुदविनाच्या ओठाची एक कड वर गेली. त्यानंतर ती फारसं बोलली नाही.

किटेरीमाय इनासला म्हणाली, "ऐक. मी थांबले तर तू पुढं म्हणायचं. तू, फिलू, सगळ्यांनी. माझ्या तोंडाकडे बघत उभं राहायचं नाही. कळलं?" मग आईकडे वळली. "तू पण, मथुराबाय."

"मी?" आई म्हणाली. "बरं."

तिनं सुरुवात केली. "जेजू, मरी, जुझे." तिचा पूर्वीचा तो लयीतला हलका आवाज मी लहानपणापासून ऐकला होता. हा तसा नव्हता. कोरडा होता, शब्दाशब्दाला घासत येणारा. मोट कोरड्या विहिरीत उतरावी आणि नुसताच दोर खडखडावा तसा. ती भिंतीकडे बघत नव्हती. समोर इनास होता, त्याच्या कपाळावर घाम होता, ती त्याच्याकडे बघत होती. उन्हाचा पट्टा जमिनीवरून सरकून खाटेच्या पायाला लागला. लुदविनाचे श्वास दूर दूर पडू लागले.

आणि एकदा पुन्हा तसंच झालं. "जेजू, मरी..." आणि थांबली.

खोलीतल्या सगळ्यांचे ओठ हलायला लागले. पण कोणाचाही आवाज फुटायच्या आत किटेरीमायनंच ते नाव घेतलं. "जुझे!" प्रार्थनेचा सूर त्यात नव्हताच. शेताच्या बांधावरून लांबच्या माणसाला, जेवायला ये म्हणून ओरडतात, तशी ती हाक होती, फाटलेली, जोराची, जराशी रागातली. फिलू दचकली. बाहेरच्या कोंबड्या गप्प झाल्या. किटेरीमायनं थुंकी गिळली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. आता इनासही तिच्याबरोबर म्हणत होता. मग फिलू. माझ्याशेजारी आई म्हणत होती, तिच्या पद्धतीनं, रामरक्षेच्या चालीवर.

लुदविना तिसऱ्या नावानंतर गेली. किटेरीमायनं तिच्या नाकाशी हात धरून पाहिलं, डोळे मिटवले, डोक्यावरचा रुमाल सोडून त्यानं तिची हनुवटी पुसली आणि तोच तिच्या हनुवटीखालून बांधला.

इनासनं विचारलं, "माय, आलं का कोणी?"

"मला विचारू नको. मी सांगितलंय ना तुला, मला कळत नाही."

"पपा?"

"तेही कळत नाही."

ती उठली, स्वयंपाकघरात गेली आणि म्हणाली, "पेज असेल तर वाढा. सकाळपासून पोटात काही नाही." पेजेबरोबर तिनं खारवलेली कैरी दोनदा मागून घेतली. बायकांना ते आवडलं नाही.

मिंगेल त्यानंतर दिसला की नाही, यावर वाड्यात एकमत नाही. पोदेर म्हणाला, दिसत नाही. तो आता त्या रस्त्यानं येतच नव्हता, हे त्यानं सांगितलं नाही. इनास कुवेतला परत गेला, घर बंद झालं.

किटेरीमाय पुन्हा बोलावण्यांना जाऊ लागली. पण आता फाटकापाशी आधी बोलून घ्यायची. कोणी घाईनं आलेलं असो, स्कूटर चालू ठेवून उभं असो. "हे बघ, मला आतून काही जाणवत नाही. देव तिथं येतो की नाही, हे मी सांगू शकत नाही, आणि घरच्यांनी मला विचारायचं नाही. नावं पूर्ण म्हणेन, आणि सगळ्यांनी माझ्याबरोबर म्हणायची. चालत असेल तर येते." बहुतेकांना यातलं काही समजायचं नाही. ते म्हणायचे, "माय, बस लवकर." एका शिकलेल्या घरानं मात्र तिला अंगणातूनच परत पाठवलं. असल्या बाईला आईच्या कानाशी कसं बसू द्यायचं, असं ते म्हणाले. ती चालत परत आली, आईला सगळं सांगितलं आणि म्हणाली, "त्यांचं पण बरोबर आहे."

संध्याकाळी ती घरात एकटीच तेर्स म्हणते. भिंतीपलीकडून आम्हाला स्पष्ट ऐकू येतं. तेर्साची प्रत्येक प्रार्थना दोन भागांत असते. पहिला भाग एकानं म्हणायचा, दुसरा बाकीच्यांनी मिळून. घरात एकटं माणूस असेल तर दोन्ही भाग तेच म्हणतं. किटेरीमायही पूर्वी दोन्ही म्हणायची. लुदविना गेल्यापासून ती फक्त पहिला भाग म्हणते आणि थांबते. दुसरा भाग म्हणायला जितका वेळ लागेल तितका वेळ ती गप्प असते. मग पुढची प्रार्थना सुरू करते.

आईनं तिला विचारलं होतं, दुसरा भाग का सोडतेस.

"तो माझा नाही," किटेरीमाय म्हणाली. "माझा मी म्हणते."

मी बँकेतून आल्यावर व्हरांड्यात बसतो, तेव्हा ते चालू असतं. तिचा आवाज येतो, बंद होतो. त्या मधल्या जागेत पंख्याचा आवाज असतो, एखादी पाल बोलते. आई तांदूळ निवडता निवडता हात थांबवते. पुन्हा तिचा आवाज येईपर्यंत आम्ही दोघंही काही बोलत नाही.